नवव्या क्रमांकाचं भाषण

"सर, नऊ नंबरनं माझं भाषण म्हटलं."

३ जानेवारी २०२४. तालुक्याच्या गावी एका हायस्कूलच्या हॉलमध्ये सावित्रीबाई फुले जयंतीची वक्तृत्व स्पर्धा चालू होती. सहावी ते आठवीचा गट, चोवीस स्पर्धक, प्रत्येकी पाच मिनिटं, चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा. आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या सातवीच्या मुलीला चिठ्ठीत सतरावा क्रमांक आला होता. नववी स्पर्धक टाळ्या घेऊन खाली उतरली आणि ही जागेवरून उठून माझ्यापाशी आली. रडत नव्हती. आवाजात तक्रारही नव्हती. फळ्यावरचं चुकलेलं गणित दाखवावं तसं तिनं मला ते सांगितलं.

मी ते भाषण ऐकलंच नव्हतं. हिचा कागद हातात धरून, आवाज कुठं चढवायचा आणि कुठं थांबायचं याच्या खुणा मी पुन्हा तपासत होतो. हॉलमधले बहुतेक जण तेच करत होते. मुलं भिंतीकडं तोंड करून पुटपुटत होती, पालक पाण्याची बाटली घेऊन उभे होते, आम्ही शिक्षक कागदात डोकं घालून बसलो होतो. व्यासपीठावर कोण काय बोलतंय हे तिघे परीक्षक ऐकत होते, आणि ही एक मुलगी.

त्या दिवशीच्या चाळीस मिनिटांची आणि पुढच्या सव्वा वर्षाची ही नोंद आहे. मुलीचं नाव, शाळा, गाव मी देत नाही. का देत नाही, ते पुढं येईल.

भाषण कुठून आलं

आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं. दसरा झाला की ऊसतोडीसाठी मजुरांच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमांच्या फेऱ्या वाढतात आणि दिवाळीच्या पुढंमागं टोळ्या भरून ट्रॅक्टर निघतात. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता. ज्यांच्या घरी आजी-आजोबा असतात ती मुलं मागं राहतात, हंगामी वसतिगृहात जेवतात आणि रात्री म्हाताऱ्या माणसांपाशी झोपतात. ज्यांचं मागं कुणी नसतं, ती आई-बापाबरोबर उसाच्या फडावर जातात. ही मुलगी पाचवीत असताना धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून एक हंगाम जाऊन आलेली. नंतर आज्जीनं तिला ठेवून घेतलं, भाऊ मात्र आईबरोबर जातच राहिला.

तिला स्पर्धेसाठी निवडलं ते आवाजावरून. परिपाठात बातम्या वाचायची तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू यायचं. भाषण मी लिहून दिलं. लिहिलं म्हणजे जुळवलं. मागच्या वर्षीचा एक कागद होता, भाषणांची एक पुस्तिका होती, यूट्यूबवरचे दोन व्हिडिओ होते. 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो', मग चार ओळींची कविता, मग १८४८, भिडेवाडा, अंगावर येणारं शेण आणि पिशवीतलं दुसरं लुगडं, शेवटी 'मी सावित्रीची लेक बोलतेय'. शाळेत असे कागद वर्षभर तयार ठेवावे लागतात. १ ऑगस्टला टिळक आणि अण्णाभाऊ, ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद. नाव बदलतं, चढ-उताराच्या जागा त्याच राहतात.

पंधरा दिवस पाठांतर चाललं. एका दुपारी तिनं मधेच थांबून विचारलं होतं, "सर, लोक शेण मारायचे तेव्हा बाकीच्या बायका काय म्हणायच्या?" मी म्हणालो, "ते पाच मिनिटांत बसणार नाही. पुढं म्हण." हे वाक्य मला अजून टोचतं. त्या पंधरा दिवसांत तिनं विचारलेला तो एकच प्रश्न होता, आणि तो माझ्या सगळ्या कागदापेक्षा मोलाचा होता.

चाळीस मिनिटं

नऊ ते सतरा यांच्यामध्ये सात स्पर्धक होते. साधारण चाळीस मिनिटं हाताशी होती.

तिच्याकडून नीट ऐकून घेतलं तेव्हा कळलं की कवितेसकट पहिली दोन मिनिटं जशीच्या तशी होती. शेवटही तोच, मधला एक उतारा तेवढा वेगळा. त्या मुलीनं किंवा तिच्या शिक्षकांनी आमचं काही चोरलेलं नव्हतं. दोघांनी एकाच विहिरीतून पाणी काढलेलं. बाराव्या क्रमांकाच्या मुलानंही तीच कविता म्हटली आणि मागं बसलेल्या दोन शिक्षिका एकमेकींकडं बघून हसल्या.

पहिलं उत्तर माझ्या तोंडून आलं ते असं : "म्हणू दे. तू तिच्यापेक्षा चांगलं म्हण."

"पण सर, परीक्षकांनी ऐकलंय की."

तिला सादरीकरणाची काळजी नव्हती. ऐकलेली गोष्ट त्याच माणसांना पुन्हा सांगायची कशी, एवढीच तिची अडचण होती. घरात, ओट्यावर, फोनवर आपण कधी असं करत नाही. स्पर्धेत ते चालतं हे आम्ही शिक्षकांनी गृहीत धरलेलं आहे. तिनं ते धरलेलं नव्हतं.

दुसरा मार्ग नाव मागं घेण्याचा. तो मी सुचवला आणि तिनं मान हलवून नाही म्हटलं. मग मी नाश्त्याच्या पाकिटामागं नवी सुरुवात लिहायला घेतली. चार ओळी झाल्या असतील. तिनं कागदाकडं पाहिलंच नाही. म्हणाली, "सर, ती निबंध लिहिणारी मुलगी केवढी होती?"

ती मुक्ता साळवेविषयी विचारत होती. फुले दांपत्याच्या शाळेतली ही मुलगी. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. एका पावसाळी दुपारी वर्गात मी हे सांगितलं होतं आणि विसरून गेलो होतो. भाषणाच्या कागदात मुक्ता नव्हती, कारण पुस्तिकेतही नव्हती.

"चौदा," मी सांगितलं.

"म्हणजे आठवी-नववीची," ती म्हणाली आणि जाऊन आपल्या जागेवर बसली. पुन्हा समोर बघून ऐकायला लागली.

त्या घटकेला मी काय ठरवलं, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. मी काहीच ठरवलं नाही. पाकिटावरचा कागद माझ्या हातात तसाच राहिला आणि तिचं नाव पुकारलं गेलं.

दोन मिनिटं पन्नास सेकंद

नमस्कार करून तिनं 'सन्माननीय व्यासपीठ' म्हटलं. मग थांबली. मग म्हणाली, "माझ्या आधी नऊ नंबरच्या ताईनं जे सांगितलं तेच मी पण पाठ केलं होतं. तिनं चांगलं सांगितलं. म्हणून मी परत सांगत नाही."

हॉलमधली पुटपुट थांबली.

पुढं तिनं मुक्ताविषयी तीन-चार वाक्यं सांगितली. चौदा वर्षांची मुलगी, तिनं आपल्या माणसांवर स्वतः लिहिलं, ते छापून आलं. मग एकदम आमच्या गावात आली. आमच्या वर्गात दिवाळीनंतर किती बाकं रिकामी होतात, कोणती मुलगी भावाला सांभाळायला फडावर गेली, तिचं दप्तर कुणाच्या घरी ठेवलंय. "माझी आई उसाला गेलीय. ती सहावीपर्यंत शिकलीय. रात्री फोन करते तेव्हा मला तेराचा पाढा विचारते. मग स्वतःच पुढचा म्हणते." इथं तिचा आवाज अडकला नाही, फक्त वेग कमी झाला. बाकीच्या बायकांबद्दलचा तो जुना प्रश्नही तिनं विचारला : सावित्रीबाईंवर शेण टाकणारे कोण होते हे सगळे सांगतात, शेजारच्या बायका दाराआडून काय म्हणत होत्या ते कुणी का सांगत नाही?

आणि मग तिच्याकडं शेवट नव्हता. दोन क्षण उभी राहिली, "एवढंच," म्हणाली आणि खाली उतरली. दोन मिनिटं पन्नास सेकंद. इशाऱ्याची घंटा वाजायला अजून मिनिटभर होतं.

गुणपत्रक

बक्षीस मिळालं नाही. उत्तेजनार्थही नाही. नवव्या क्रमांकाची मुलगी दुसरी आली.

निकालाबद्दल माझं काही म्हणणं नाही. एका परीक्षकांनी नंतर आपणहून गुणपत्रक दाखवलं. आशयाला त्यांनी चांगले गुण दिले होते. भाषाशैली, हावभाव, वेळेचं भान, समारोप या रकान्यांत ती मागं पडली होती, आणि ते खरंच होतं. 'समारोप नाही' असा शेरा होता. परीक्षकांच्या हाती जे रकाने दिले, ते त्यांनी प्रामाणिकपणे भरले. मला खटकतं ते हे की त्यात 'आधीच्या वक्त्यांचं ऐकलं का' असा रकाना कुठंच नव्हता. चोवीस मुलं एका हॉलमध्ये तीन तास बसतात आणि एकमेकांशी एक वाक्यही बोलत नाहीत. प्रत्येकजण रिकाम्या हॉलला उद्देशून बोलतो. ती रचना मुलांनी केलेली नाही.

ती मात्र परतीच्या जीपमध्ये खुशीत होती. नवव्या क्रमांकाची मुलगी तिच्याजवळ येऊन "माझं नाव का घेतलंस?" म्हणून आधी चिडली आणि मग दोघींनी वडापाव अर्धा-अर्धा खाल्ला, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

माझी दुसरी चूक

ही पहिल्या चुकीपेक्षा मोठी होती. तिच्यावर मी जास्त लिहितो, कारण आम्हा शिक्षकांना ती चूक वाटतच नाही.

एका सहकाऱ्यानं तिचं बोलणं मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळी ते शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं, तिथून गावाच्या ग्रुपवर. खूप कौतुक झालं. कुणी लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं. कुणी सुचवलं, हाच विषय घेऊन जिल्ह्याला उतरवा, सगळा हॉल रडवेल. मलाही ते पटलं. फेब्रुवारीत एक स्पर्धा होती, विषयांत 'माझी आई' होता. मी दोन रात्री बसून भाषण लिहिलं. कोयता, फडावरची राहायची कोपी, पहाटेचं धुकं, आईच्या हाताच्या भेगा. त्यात पुस्तिकेतली एकही ओळ नव्हती, सगळं आमच्या मातीतलं होतं. मला ते माझं सर्वांत चांगलं लिखाण वाटत होतं.

तिनं कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. "आईचं नाही सांगणार सर."

मी कारण विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग सांगितलं. तो व्हिडिओ फडावर पोचला होता. मुकादमाच्या मोबाइलवर सगळ्या टोळीनं पाहिला. रात्री आईचा फोन आला. आई रागावली नव्हती. एवढंच म्हणाली होती, "माझं कशाला काढलंस बाई तिथं? कुणी काही बोललं नाही, पण सगळे माझ्याकडं बघत होते."

यावर मला बोलता येईना. पहिल्या कागदात मी तिच्या तोंडी परक्याचे शब्द घातले. दुसऱ्यात तिचं स्वतःचं घर उचलून परक्यांपुढं मांडत होतो, तेही माझ्या शब्दांत आणि बक्षिसासाठी. तीन जानेवारीला तिनं आईचं सांगितलं ते तिच्या मनानं, चार वाक्यांत, जेवढं सांगावंसं वाटलं तेवढं. त्यातलाही एक भाग तिला नंतर जड गेला. माझा कागद पाच मिनिटांचा होता आणि हुंदका कुठं द्यायचा याची त्यात खूण होती.

गरीब घरातल्या मुलांच्या बाबतीत हे फार सहज घडतं. 'स्वानुभव सांग' म्हणताना आपण त्यांच्याकडून फक्त दुःख मागतो. सुखवस्तू घरातल्या मुलाला हवामानबदलावर, चांद्रयानावर, मोबाइलच्या व्यसनावर बोलू देतो. ऊसतोड मजुराच्या मुलीनं मात्र कोयत्यावर बोलावं आणि बोलताना रडावं, अशी आपली अपेक्षा असते.

मी तिची माफी मागितली. ज्या ज्या ग्रुपवरून व्हिडिओ काढून टाकायला सांगता येत होतं तिथं सांगितलं. सगळीकडून तो गेला नसणार. फेब्रुवारीच्या स्पर्धेला शाळेतून कुणीच गेलं नाही.

आधी त्याचं सांग

जून २०२४ मध्ये ती आठवीत आली आणि आम्ही शनिवारी शेवटचे दोन तास वादविवादाला दिले. मला स्वतःला वादविवादाचा अनुभव फार नव्हता. पण त्या हॉलमध्ये एकच मुलगी ऐकत होती हे डोक्यातून जात नव्हतं, आणि न ऐकता भाग घेता येत नाही अशी स्पर्धा हीच.

नियम एकच ठेवला. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं आणि त्यानं 'हो, असंच म्हणायचं होतं मला' असं म्हटल्यावरच उत्तर द्यायचं. पहिले तीन शनिवार यातच गेले. मुलांना वाटायचं आपण ऐकलंय. सांगायला गेलं की कळायचं, पहिलंच वाक्य पकडून आपण उत्तर जुळवत बसलो होतो. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडं 'समोरचा काय म्हणेल', उजवीकडं 'मी काय म्हणेन'. डावी बाजू भरल्याशिवाय उजवीकडं लिहायचं नाही. बाजू चिठ्ठीनं ठरायची. विषय मुलांनीच आणले : शाळेत मोबाइल, गावात दारूबंदी, मारुतीच्या देवळापुढच्या पिंपळाखाली कुणी बसायचं.

आंतरराष्ट्रीय शालेय वादविवादाचा एक साचा मी मुलांना समजावून सांगितला. जागतिक शालेय स्पर्धेत शंभरापैकी आशयाला ४०, शैलीला ४० आणि डावपेचांना २० गुण असतात. समोरचा बोलत असताना उभं राहून प्रश्नाची परवानगी मागता येते. २०१९ मध्ये बँकॉकला भारताच्या संघानं ही स्पर्धा जिंकली. मुलांना जिंकण्यापेक्षा मधेच उठून प्रश्न विचारता येतो याचंच अप्रूप वाटलं, आणि पुढचे दोन शनिवार गोंधळात गेले.

यंत्राच्या बाजूनं

फेब्रुवारी २०२५ मध्ये जवळच्या केंद्रात वादविवाद स्पर्धा झाली. दोघांचा संघ, चार मिनिटं मांडणी, दोन मिनिटं खंडन. विषय : 'ऊसतोडणी यंत्रानेच व्हावी.' चिठ्ठीत आमच्या संघाला अनुकूल बाजू आली. तिच्या आई-बापाचं पोट कोयत्यावर, जोडीदार मुलाचे वडील टोळीच्या ट्रॅक्टरवर. मी विचारलं, बाजू बदलून मागू का? ती म्हणाली, "नको सर. डावी बाजू तर पाठच आहे."

तयारीत तिनं जे केलं ते मला शिकवता आलं नसतं. आईला फोन करून तिनं दुःख विचारलं नाही. हिशेब विचारला. दिवसाला एका कोयत्याचा किती ऊस तुटतो, तर दोन टनांच्या आसपास. हंगामाआधी आगाऊ घेतलेली उचल किती, त्यातली फिटली किती, कामाला खाडा पडला की किती कापतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली होती, ती हातात किती आली. आईनं सगळं सांगितलं, दोन-तीन दिवस पुन्हा फोन करून चुकलेले आकडे दुरुस्तही केले. स्वतःबद्दल बोलायला जिला संकोच वाटत होता, ती बाई हिशेबाबद्दल मोकळेपणानं बोलली.

मांडणी अशी होती : यंत्र आलं तर उचलीचं कर्ज संपेल, खाडा संपेल, पोरं गावात राहतील, पहाटे थंडीत मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढणं संपेल. यंत्र महाग आहे, पण सरकार ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यातली कमी असेल ती रक्कम अनुदान म्हणून देतं. तसंच अनुदान तोडणाऱ्यांच्या गटाला मिळालं तर यंत्राचे मालक तेच होतील.

प्रतिकूल संघ चांगला होता. लहान तुकड्यांत आणि अरुंद सरीत यंत्र फिरत नाही, हा त्यांचा मुद्दा अपेक्षित होता. दुसरा नव्हता. त्यांच्यातला एक मुलगा वाढ्यांबद्दल, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांबद्दल म्हणाला, "यंत्र वाढ्यांचा भुगा करतं. मजूर वाढे विकतो, बैलांना घालतो. ते कोण देणार?"

खंडनाला ती उठली. आधी त्याचं म्हणणं सांगितलं, त्याच्याकडं बघून विचारलं, "बरोबर?" त्यानं गोंधळून मान हलवली. मग म्हणाली, "हे खरं आहे. आमच्या घरी पण वाढ्यांवरच बैल जगतात. याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण बैलांच्या चाऱ्यासाठी माझ्या भावानं शाळा सोडायची का, एवढंच मी विचारते."

आमचा संघ दुसरा आला. निकालानंतर एक परीक्षक म्हणाले, समोरच्याचा मुद्दा असा उघडपणे मान्य करायचा नसतो, गुण जातात. त्यांच्या रकान्यांप्रमाणे ते बरोबर असतील. मी मात्र शाळेत मुलांना त्याच्या उलट सांगितलं आणि अजूनही सांगतो. त्या हॉलमध्ये खरं बोलून पुढचा प्रश्न उभा करणारी ती एकटी होती.

या खेपेला मोबाइल कुणालाही बाहेर काढू दिला नाही.

हंगाम त्या वर्षी लवकर आटोपला. मार्चच्या मध्याला तिचे आई-वडील परत आले. एका सकाळी आई शाळेत आली, धाकट्याचं नाव पुन्हा पटावर चढवायला. मुलगी व्हरांड्यात होती. आईनं तिला म्हटलं, "आकडे माझ्याकडून घेतलेस, मग काय बोललीस ते मला तरी सांग की." दप्तरातली वही काढून तिनं तिथंच उभ्या उभ्या चार मिनिटांचं सगळं सांगितलं, हातवारे न करता. आई खांबाला टेकून ऐकत होती. संपल्यावर तिनं विचारलं, "बरं. यंत्र आलं. गट करायला सगळ्यांचं एक मन लागतं, ते तर काही होत नाही. मग आम्ही काय करावं?"

मुलीनं उत्तर दिलं नाही. खाली बसली, वही मांडीवर घेतली आणि डाव्या बाजूला ते लिहून घेतलं.